ज्या प्रदूषणाला नाला नसतो

पंचगंगेत तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडला की कोल्हापूर जिल्ह्यात ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. कार्यकर्ते बंधाऱ्यावर जमतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येऊन बाटल्यांत नमुने घेतात, पंचनामा होतो, फोटो छापून येतात. मग कोल्हापूर इचलकरंजीकडे बोट दाखवतं, इचलकरंजी साखर कारखान्यांकडे आणि कारखाने दोन्ही शहरांच्या सांडपाण्याकडे. तोवर वरून धरणाचं पाणी सोडलं जातं, काळं पाणी पुढे सरकून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतं आणि विषय पुढच्या खचापर्यंत मिटतो.

या रागाला माझी हरकत नाही. कोल्हापूरचा जयंती नाला, दुधाळी नाला, इचलकरंजीचा काळा ओढा यांनी नदीची जी दशा केली आहे ती डोळ्यांना दिसते आणि नाकाला कळते. साखर कारखान्यांच्या आसवनीतून निघणाऱ्या स्पेंट वॉशचं, म्हणजे वर्तमानपत्रं ज्याला मळीमिश्रित पाणी म्हणतात त्याचं, गणित तर भयंकर आहे. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते हे बीओडीच्या आकड्यावरून कळतं. अंघोळीच्या पाण्याला त्याची मर्यादा लिटरमागे 3 मिलिग्रॅम. कच्च्या स्पेंट वॉशचा आकडा 40 हजारांच्या घरात. याचा अर्थ असा की एक लिटर स्पेंट वॉश 13 हजार लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतो. मासे बहुतेक वेळा गुदमरूनच मरतात. अशा कारखान्यावर कारवाई व्हायलाच हवी, आणि ती वेळेवर होत नाही हेही खरं.

पण प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीपर्यंतच्या नदीच्या 80 किलोमीटरच्या वाटेवर दोन्ही तीरांवर सगळ्यात जास्त जागा कशाने व्यापली आहे, असं विचारलं तर उत्तर एकच येईल, आणि ते कुठल्याच पंचनाम्यात नसतं: ऊस. नदीचं पाणी मोटारीने रानात जातं. रानातले क्षार आणि नत्र घेऊन ते विहिरीत, ओढ्यात आणि शेवटी पुन्हा नदीत येतं. नदीचं दुखणं आणि रानाचं दुखणं आपण दोन वेगळ्या खात्यांकडे सोपवलं आहे, म्हणून दोन्ही बरी होत नाहीत. या फेऱ्यात शेतकरी बाधितही आहे आणि भागीदारही. त्याला नुसतं बाधित म्हणणं राजकारण्यांच्या सोयीचं आणि नुसतं दोषी म्हणणं शहरातल्या माणसाच्या.

याचं मूळ काही अंशी कायद्यात आहे. पाणी प्रदूषणाचा आपला कायदा 1974 चा. त्याची सगळी मांडणी सांडपाणी आणि उद्योगातून बाहेर पडणारं पाणी यांच्याभोवती आहे. त्याला परवाना देता येईल असा कारखाना लागतो, नमुना घेता येईल असं पाइपाचं तोंड लागतं. शेताला तोंड नसतं. दहा हजार एकरांवरून थेंबाथेंबाने जे झिरपतं त्याची बाटली कुठे धरायची? म्हणून मंडळाचा अधिकारी नाल्यावर जातो आणि रानाकडे पाठ करून परत येतो. त्यात त्याचा दोष नाही.

रानात काय होतं ते आधी पाहू, कारण माणसाच्या पोटात जाण्याआधी हे सगळं मातीतून जातं.

शिरोळ, वाळवा, मिरज या तालुक्यांत फिरताना उसाच्या हिरव्यागार पट्ट्यात मध्येच एखादा तुकडा असा लागतो की तिथे ऊस गुडघ्याएवढा, पानं शेंड्याकडून करपलेली, आणि पुढे तर नुसता लव्हाळा आणि वेडी बाभूळ. वरवर पिठूळ पांढरा थर असतो, चालताना बुटाखाली तो किंचित चुरचुरतो. चार बोटं उकरलं की खाली काळी, चिकट, तेलकट दिसणारी माती. ओली असताना तिच्यात पाय रुततो आणि वाळली की तिचं ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. पाऊस पडून गेला तरी पाणी आठवडा आठवडा तसंच उभं, गढूळ. क्षारपड आणि चोपण हे शब्द या भागातल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतात, कारण ज्याच्या सातबाऱ्यावर चार एकर आहे पण पिकतं दीडच, असा कोणी ना कोणी प्रत्येकाच्या भावकीत असतो.

हे क्षार कुठून आले? काही मुळात खडकात होते. पण पाण्याबरोबर किती येतात याचा हिशेब कोणीही करू शकेल. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरांच्या पुढे पाणी लागतं. त्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार आहेत असं धरा, आणि या भागातल्या पुष्कळ विहिरींच्या बाबतीत हे धरणं फार होणार नाही. तर एका हंगामात हेक्टरी 10 टन क्षार रानात येऊन पडतात. ऊस पाणी पितो, क्षार मागे ठेवतो. निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुऊन जातात. पण कृष्णाकाठची काळी माती म्हणजे निम्म्याहून जास्त चिकणमाती. तिच्यातून पाणी खाली उतरायला वेळ घेतं. वरून पाणी येत राहतं, खालची पातळी चढत जाते, आणि ती जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आली की उन्हाळ्यात माती ते पाणी वर खेचते. पाण्याची वाफ होते आणि क्षार वरच राहतात. सोडियम जास्त असेल तर चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून देतात, मातीतली हवेची वाट बंद होते आणि जमीन चोपण होते. मुळं कुजतात, गांडुळं जातात, जिवाणू कमी होतात. त्या मातीत टाकलेलं खत पिकाला मिळत नाही, म्हणून शेतकरी आणखी एक पोतं टाकतो.

हे काल-परवा कळलेलं नाही. नीरेचा डावा कालवा सुरू झाला 1885 च्या सुमारास, आणि पंचवीस वर्षांच्या आत तिथल्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी 1910 मध्ये आपल्या सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पाण्याचा अतिरेक आणि निचऱ्याचा अभाव ही कारणं तेव्हापासून सरकारदरबारी लिहून ठेवलेली आहेत. सांगलीजवळ कसबे डिग्रजला याच विषयावर काम करणारं संशोधन केंद्र आहे. ज्ञानाची उणीव असती तर प्रश्न सोपा होता. मला नेहमी वाटतं की धरणाचं उद्घाटन करता येतं, चारीचंही करता येतं. निचऱ्याच्या पाइपाचं उद्घाटन कोणी करत नाही, कारण तो जमिनीखाली असतो.

आता नत्राकडे येऊ, म्हणजे युरियाकडे.

आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची आहे. हे सगळं युरियातून द्यायचं तर एकरी 45 किलोची जवळपास आठ पोती होतात. प्रत्यक्षात टनेजच्या स्पर्धेत, एकरी शंभर टनांचा फलक लावायच्या ईर्ष्येत, याहून जास्त पडतात. पीक त्यातलं 30 ते 40 टक्के उचलतं. उरलेल्याचं काय होतं? युरिया ओल्या मातीत पडला की दोन-चार दिवसांत त्याचा अमोनिया होतो, त्यातला काही हवेत उडतो. बाकीच्याचं जिवाणू आठवड्या-दोन आठवड्यांत नायट्रेट करतात. नायट्रेटला ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांनाही ऋण भार असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. पुढच्या पाळीचं पाणी आलं की ते पाण्याबरोबर खाली जातं.

हेक्टरी फक्त 40 किलो नत्र विहिरीपर्यंत पोचलं असं समजू. त्याचं नायट्रेट होतं 177 किलो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम. त्या हिशेबाने एका हेक्टरातलं हे वाया गेलेलं नत्र 39 लाख लिटर पाण्याला मर्यादेला भिडवायला पुरतं. आणि हा प्रकार एकट्या ऊसपट्ट्यात घडतो असंही नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक नायट्रेटग्रस्त पंधरा जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ आहेत. पंधरातले सात महाराष्ट्राचे, आणि बहुतेक कापूस-सोयाबीनचे. तिथे खताबरोबर दारातला उकिरडा आणि विहिरीशेजारी खणलेला शौचालयाचा शोषखड्डाही धरावा लागतो. नायट्रेट कुठून आलं हे विहिरीला ओळखू येत नाही.

नायट्रेटला रंग, वास किंवा चव काहीच नाही. त्यामुळे त्याच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. 1945 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने निळसर पडलेल्या तान्ह्या बाळांचा माग काढला, तेव्हा तो शेतावरच्या विहिरींपर्यंत जाऊन पोचला. त्या विहिरीच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून बाळांना पाजली जात होती. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेऊ देत नाही. मोठ्या माणसाला असं निळं पडायला होत नाही, पण धोका वेगळ्या दिशेने येतो. पोटात नायट्राइटपासून नायट्रोसो संयुगं तयार होतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा परिस्थितीत पोटात गेलेल्या नायट्रेटला 2010 मध्ये माणसात बहुधा कर्करोगकारक अशा गटात घातलं आहे.

आपल्या घरातले पाण्याचे सगळे उपाय इथे तोकडे पडतात. तुरटी फिरवा, क्लोरीन टाका, चार पदरी फडक्याने गाळा, नायट्रेट तिथेच. उकळलं तर पाणी आटून ते उलट वाढतं. नातवाला म्हणून आजी काळजीने पाणी उकळून ठेवते, तेव्हा जंतू मरतात आणि नायट्रेटचं प्रमाण थोडं चढतं. आरओने ते कमी होतं, म्हणून गावोगावी पाण्याची एटीएम आली, लग्नात जार आले. ज्याला परवडतं तो जारकडे वळला. मजुराच्या वस्तीवरचा हातपंप तसाच आहे, आणि आरओने बाजूला काढलेलं क्षारांचं पाणी गटारातून परत जमिनीत जातं.

सांडपाण्याचा त्रास मात्र लपून राहत नाही. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काहींचा जीव गेला. हेपटायटिस ई हा विषाणू विष्ठेतून पाण्यात येतो आणि गरोदर बाईला तो फार घातक ठरतो. ती साथ शहराच्या अजून स्मरणात आहे. नायट्रेटची अशी साथ कधी येत नाही, ते वर्षानुवर्षं हळूहळू विहिरींच्या पाण्यात साठत जातं.

शिरोळ तालुक्यात कॅन्सर हा आता पारावरच्या गप्पांचा विषय आहे. इथे मला दोन्ही बाजूंनी सावध राहावंसं वाटतं. खत, औषध, नदी आणि कॅन्सर अशी सरळ रेघ ओढून भाषण करणं सोपं आहे. त्या रेघेत तंबाखू, मिश्री, वाढलेलं वय, उशिरा झालेली तपासणी हे सगळं गाळलेलं असतं. पण पुरावा नाही असं म्हणून फाइल मिटणं त्याहून वाईट, कारण पुरावा आपोआप उगवत नाही, तो गोळा करावा लागतो. बार्शीला 1987 मध्ये ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, देशातली तशी पहिली. गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, रुग्णांची नोंद ठेवायचं काम सोलापूर जिल्ह्यात होऊ शकतं तर ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्यात व्हायला अडचण काय? त्या नोंदीशेजारी त्या गावच्या विहिरींची तपासणी ठेवली तरच आपण भीती आणि धोका वेगवेगळे करू शकू.

फवारणीच्या औषधांबद्दल थोडक्यात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यांनी ते औषध प्यायलं नव्हतं. उंच वाढलेल्या कापसात, घामाने भिजलेल्या सदऱ्यातून आणि श्वासातून ते अंगात गेलं. द्राक्षाची गोष्ट याच्या उलट टोकाची. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली. सांगली-नाशिकचे बागायतदार हादरले, आणि त्या रसायनाचीही तपासणी सुरू झाली. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, फवारणीची वही असते, काढणीआधी प्रयोगशाळेचा दाखला लागतो. शेतकऱ्याने हे सगळं निमूटपणे शिकून घेतलं, कारण दाखल्याशिवाय कंटेनर हलत नाही. आपला शेतकरी शिस्त पाळत नाही असं म्हणणाऱ्यांनी तासगावच्या बागेत जाऊन ती वही बघावी. शेजारच्या आठवडी बाजारात हातगाडीवर येणाऱ्या घडाला मात्र असा कागद चिकटलेला नसतो. डॉर्टमुंडच्या गिऱ्हाइकाला जेवढी काळजी मिळते तेवढी तासगावच्या गिऱ्हाइकाला मिळायला कोणता कंटेनर अडवावा लागेल?

आता मुख्य मुद्दा. शेतकरी इतकं पाणी आणि इतका युरिया का वापरतो? अज्ञान, हाव, अडाणीपणा ही उत्तरं मला पटत नाहीत. तो हिशेबी माणूस आहे, आणि आपण त्याच्यापुढे ठेवलेला हिशेबच तसा आहे.

उसाचा दर एफआरपीने, म्हणजे केंद्र सरकारच्या रास्त आणि किफायतशीर दराने, ठरतो. त्याला 10.25 टक्के साखर उताऱ्याचा पाया आहे. पण उतारा मोजतात तो अख्ख्या कारखान्याचा, आणि शेतकऱ्याला पैसे मिळतात वजनावर. उशिरापर्यंत नत्र आणि पाणी दिलं की ऊस जाड होतो, वजन भरतं, आणि रसातली साखर उतरते. वजनाचा फायदा एकट्याचा, उताऱ्याचा तोटा हजारो सभासदांत वाटलेला. ज्याने खत बेतात टाकून गोड ऊस पिकवला त्याला काट्यावर शिक्षा होते. मग कृषी सहायकाने संतुलित खताचं व्याख्यान कितीही द्यावं!

युरियाचंही तसंच. 2010 पासून स्फुरद आणि पालाशच्या खतांना अन्नद्रव्यानुसार अनुदान मिळू लागलं आणि त्यांचे दर वाढत गेले. युरिया त्या धोरणाबाहेर ठेवला गेला आणि त्याचं पोतं आजही पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळतं. समजूतदार माणूस स्वस्त तेच जास्त घेणार. पाण्याची आकारणी एकरावर आणि पिकावर, विजेची बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं मोटारीच्या अश्वशक्तीवर होत आली. किती उपसलं याला किंमतच नाही. त्यात शेतीची लाईट पुष्कळ गावांत अर्धा आठवडा रात्रीची. साप-विंचवाच्या भीतीने ऑटो स्टार्टर लावून माणूस घरी झोपतो आणि रान रात्रभर भिजत राहतं. बांधावर उभं राहून जास्त पाणी का सोडलं असं विचारलं तर उत्तर येतं, "पाळी आलीया, परत कवा येईल सांगताय का? मग सोडाया नको व्हय?" या उत्तरात मला चूक काढता आलेली नाही. पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसलेला माणूस मिळेल तेवढं पाणी मातीत साठवून ठेवणारच. ठिबक सक्तीचा निर्णय सरकारने 2017 मध्ये घेतला होता. सक्ती कागदावर राहिली, कारण ठिबकला रोज थोडं पाणी आणि भरवशाची वीज लागते, आणि ती सरकारला देता आली नाही.

यावर हल्ली एक सोपं उत्तर पुढे केलं जातं: विषमुक्त शेती. शहरातल्या प्रदर्शनात दीडशे रुपये किलोचा गूळ घेतला की मनाला बरं वाटतं. सेंद्रिय शेतीशी माझं वैर नाही. आपल्या मातीतला सेंद्रिय कर्ब इतका उतरला आहे की शेणखत, हिरवळीचं खत, उसाचं पाचट न जाळणं यांशिवाय तरणोपाय नाही. पण शेणखतातल्या नत्राचंही शेवटी नायट्रेटच होतं, आणि जीवामृत ओतलेल्या रानातही पाणी जास्त झालं तर क्षार वर येतातच. प्रश्न मापाचा आणि निचऱ्याचा आहे. त्याला खताच्या पोत्यावरचं लेबल बदलून उत्तर मिळत नाही.

निचऱ्याचं काम शिरोळमध्ये लोकांनी करून दाखवलं आहे, आणि ते मोठं आहे. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने हजारो एकर क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइप गाडले गेले. चर खणायचा, त्यात जाळी गुंडाळलेला, भोकं पाडलेला पाइप उताराने टाकायचा, एका शेतकऱ्याचा पाइप दुसऱ्याच्या रानातून नेऊन मुख्य वाहिनीला जोडायचा आणि ती ओढ्यात किंवा नदीत सोडायची. तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते बांधाला बांध लागून असलेल्या भावकीला एका पाइपावर राजी करणं. शेतकऱ्यांनी कर्ज काढून हे केलं आणि वर्षानुवर्षं पडीक असलेल्या जमिनीत पुन्हा ऊस उभा राहिला. सरकारने जे सार्वजनिक काम म्हणून करायला हवं होतं, जसं पाट काढला तसंच, ते गावाने आपल्या खिशातून केलं.

आता यातली गोम. चेंबरचं झाकण उघडून आत पाहिलं तर पाइपातून येणारं पाणी नितळ असतं, एखाद्या झऱ्यासारखं. ते जिभेला लावलं की कळतं. त्यात त्या रानाचे वर्षानुवर्षांचे क्षार आहेत, आणि वरून दिलेल्या युरियाचं नायट्रेटही. हे पाणी जातं कुठे? नदीत. खाली पुढच्या गावाचा जॅकवेल तिथून पाणी उचलतो, काही पिण्यासाठी, काही पुन्हा उसासाठी. वरच्या गावाची जमीन सुधारते तेव्हा खालच्या गावाच्या पाण्यात भर पडते. याचा अर्थ निचरा करू नये असा होत नाही. त्याच्याशिवाय जमीन वाचतच नाही. पण वर पाणी आणि नत्र कमी न करता नुसता निचरा वाढवणं म्हणजे दुखणं शेजाऱ्याच्या दारात नेणं. आणि इथे मजा अशी की शेताला नव्हतं ते तोंड आता आलं आहे. शेकडो एकरांचं पाणी एका पाइपातून एका जागी बाहेर पडतं. बाटली धरायला जागा मिळाली.

ती धरावी, पण शिक्षेसाठी नव्हे. शेतकऱ्याला प्रदूषणाच्या नोटिसा पाठवायला सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी पाइप मातीत बुजवले जातील. मुख्य वाहिनीच्या तोंडाशी महिन्यातून एकदा क्षार आणि नायट्रेट मोजून तो आकडा सोसायटीच्या फळ्यावर लिहिला, तर एवढ्या नत्राचे किती पैसे नदीत गेले हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावं लागणार नाही. साधनं बरीचशी हाताशी आहेत. जलजीवन मिशनमधून गावोगावी पाणी तपासणीचे संच दिले गेले, गावातल्या पाच बायकांना ते वापरायला शिकवायचं असं ठरलं. त्या संचात नायट्रेटची चाचणी आहे. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका घरोघरी आल्या. त्यात बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह अशा. मातीला काय कमी पडतंय ते त्यात कळतं. तिच्यात काय जास्त झालंय, नाल्याच्या पाण्याबरोबर आलेलं शिसं किंवा क्रोमियम, फवारलेल्या औषधाचा अंश, त्याला तिथे रकाना नाही. निदान नदीकाठच्या आणि नाल्यावर भिजणाऱ्या रानांसाठी तरी तो हवा.

आणि पैशाचा हिशेब बदलल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. उसाला वजनाबरोबर ज्याच्या त्याच्या उसाच्या गोडीवर भाव मिळाला, तर उशिराचा युरिया आपोआप थांबेल. प्रत्येक गाडीचा नमुना तपासणं खर्चाचं आहे असं कारखाने म्हणतील. डेअरीत मात्र शेतकऱ्याने आणलेल्या प्रत्येक कॅनची फॅट लागते आणि त्यावर भाव ठरतो. वारणा-गोकुळच्या मुलखात हे सांगायला नको. युरियाच्या अनुदानातला काही भाग काढून तो निचऱ्याला आणि ठिबकला द्यावा, असं कोणतंही सरकार निवडणुकीच्या वर्षात म्हणणार नाही हे मला माहीत आहे. तरी ते म्हटलं गेलं पाहिजे, निदान आपण तरी.

इचलकरंजीची गोष्ट या सगळ्याचं टोक आहे. पंचगंगेच्या काठावरचं हे शहर पंचगंगेचं पाणी पिऊ शकत नाही म्हणून त्याने कृष्णेतून पाणी आणलं, मग वारणेवर दानोळीहून योजना आखली. वारणाकाठच्या गावांनी ती अडवली. मग दुधगंगेवर सुळकूडची योजना आली, तीही कागल भागातून अडली. या गावांचं म्हणणं असं की तुम्ही तुमची नदी नासवली, आता आमची कशाला? ते समजण्यासारखं आहे. पण वारणेच्या आणि दुधगंगेच्या काठीही तोच आडसाली ऊस आहे, तीच रात्रीची लाईट आणि तीच युरियाची पोती. त्या काठांवरच्या विहिरींतलं नायट्रेट आणि रानांतले क्षार यांचे आकडे पाण्याच्या वाटपाच्या बैठकीत टेबलावर यायला हवेत, योजना मंजूर होवो किंवा रद्द होवो. तिथल्या शेतकऱ्यांनी ते स्वतःच मोजून आणले तर इचलकरंजीला नाही म्हणण्याचा त्यांचा अधिकार उलट बळकट होईल, आणि इचलकरंजीलाही आपल्या काळ्या ओढ्याचे आकडे घेऊनच समोर बसावं लागेल.